सप्टेंबरपर्यंत काय काय झालेलं असेल

परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करायचा म्हणजे आज जे अर्धवट आहे ते तेव्हा पुरं झालेलं असेल असं धरून लिहायचं. नेदरलँड्समधलं शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि अर्ज भरायला बसायचं आदल्या हिवाळ्यात. मधल्या काळात परीक्षा होणार असते, निकाल लागायचा असतो, नोकरीतलं आणखी एक वर्ष भरायचं असतं. एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, वाचणारा माणूस मात्र तुम्हाला सप्टेंबरच्या दारात उभं करून विचारत असतो, की ही मुलगी इथे येईल तेव्हा तिच्या गाठीला काय असेल? शाळेत इंग्रजीच्या काळांच्या तक्त्यात सगळ्यात खाली असलेल्या, घाईघाईने पाठ करून सोडून दिलेल्या दोन ओळी इथे खऱ्या कामाला येतात. पूर्ण भविष्यकाळ आणि चालू पूर्ण भविष्यकाळ. ‘विल हॅव’ आणि ‘विल हॅव बीन’.

मी निफाड तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, पदवी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचे अंश किती उरले आहेत हे तपासण्यासाठी काढणीआधी बागेतून नमुने घेतात, त्या कामात मी होते. सोबत दूरशिक्षणाने एक पदव्युत्तर पदविका चालली होती. मला अन्नसुरक्षेत एम.एस्सी. करायची होती आणि एसओपीचा दुसराच परिच्छेद एका वाक्यावर थांबला होता. मला सांगायचं होतं की सप्टेंबर २०२५मध्ये या कामाला चार वर्षं होतील. इंग्रजीत ‘आय विल हॅव वर्क्ड’ लिहू, की ‘आय विल हॅव बीन वर्किंग’?

इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं. क्रिया पूर्ण झाली असेल तर पहिलं, चालू असेल तर दुसरं. हे चूक नाही, पण माझ्या वाक्याला ते पुरत नव्हतं. चार वर्षं पूर्ण होणार होती आणि काम चालूही राहणार होतं. दोन्ही अटी एकाच वाक्यात बसत होत्या.

म्हणून आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. सर निवृत्त झालेत, पण अर्ज, पत्रं, मुलाखती घेऊन मुलं अजून त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांनी माझं वाक्य वाचलं आणि म्हणाले, “अगं, क्रियापद नंतर बघू. आधी मला सांग, तू उभी कुठे आहेस?”

“सप्टेंबरमध्ये, सर.”

“मग ते वाक्यात दिसायला हवं. ‘इन सप्टेंबर’ लिहिलंस तर तू सप्टेंबरच्या आत आहेस. ‘बाय सप्टेंबर’ लिहिलंस तर सप्टेंबरपाशी उभं राहून मागे बघते आहेस. ‘विल हॅव’चे हे दोन्ही काळ मागे बघण्याचे आहेत. घाट चढून वर पोहोचल्यावर माणूस वळून खालचा रस्ता बघतो ना, तसं. फरक एवढाच, की तू अजून घाट चढलेली नाहीस.”

या एका गोष्टीने माझं निम्मं काम झालं. तोपर्यंत मी ‘विल हॅव’ म्हणजे भविष्यकाळाचा जास्त औपचारिक अवतार असं समजून तो तोलत होते. तसं नाही. भविष्यातला एक क्षण आधी ठरतो आणि त्या क्षणाच्या अलीकडे काय घडून गेलेलं असेल ते हा काळ सांगतो. तो क्षण वाक्यात नसेल, किंवा आजूबाजूच्या वाक्यांवरून कळत नसेल, तर ‘आय विल हॅव फिनिश्ड’ हे वाक्य अधांतरी राहतं. वाचणारा विचारतो, कधीपर्यंत?

सरांनी मला घरी जाऊन माझ्याच कामातली वाक्यं लिहायला सांगितली. पुस्तकातले जॉन आणि मेरी नकोत, म्हणाले. मी बागेतली वाक्यं घेतली, कारण बागेत तारखा पक्क्या असतात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते, तिला गोडी छाटणीही म्हणतात. तिथून साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे फेब्रुवारी हा माझा उभं राहण्याचा क्षण.

‘इन फेब्रुवारी वी विल हार्वेस्ट.’ फेब्रुवारीत काढणी करू. साधा बेत, मागे बघणं नाही.

‘दिस टाइम इन फेब्रुवारी वी विल बी हार्वेस्टिंग.’ त्या वेळी बागेत या, काढणी चाललेली दिसेल. इथेही मागे बघणं नाही, त्या क्षणी जे समोर आहे तेवढंच.

‘बाय मिड-फेब्रुवारी वी विल हॅव हार्वेस्टेड हाफ द प्लॉट.’ आता मागे बघणं आलं. निम्मा प्लॉट झालेला असेल. नजर झालेल्या कामावर आहे, ते मोजता येतं.

‘बाय मिड-फेब्रुवारी वी विल हॅव बीन हार्वेस्टिंग फॉर टू वीक्स.’ इथेही मागे बघणं आहे, पण नजर कामाच्या लांबीवर आहे. किती प्लॉट झाला ते या वाक्याला माहीतच नाही.

शेवटची दोन वाक्यं एकाच दिवसाबद्दलची आहेत. बागही तीच, माणसंही तीच. व्यापाऱ्याला पहिलं वाक्य हवं, कारण त्याला माल किती निघाला ते कळायला हवं. मजुरांच्या मुकादमाला दुसरं हवं, कारण त्याला किती दिवस काम चाललंय ते मोजायचंय. काळ निवडताना ऐकणाऱ्याला काय हवं आहे ते बघायचं, हे मला या वाक्यांवरून कळलं, आणि पुढच्या सगळ्या निवडी मी त्यावरच केल्या.

काही निवडी तर आपल्या हातात नसतातच. वाक्यात आकडा आला आणि तो झालेल्या कामाचा असला, की चालू काळ तिथे टिकत नाही. ‘आय विल हॅव कम्प्लीटेड फोर एक्स्पोर्ट सीझन्स’ हे ठीक. ‘विल हॅव बीन कम्प्लीटिंग फोर सीझन्स’ हे इंग्रजी कानाला सहन होत नाही, कारण चार हंगाम ही मोजून ठेवलेली वस्तू झाली आणि मोजलेली वस्तू चालू राहत नाही. ‘हाउ मेनी’ आणि ‘हाउ मच’चं उत्तर द्यायचं असेल तर ‘विल हॅव’. ‘हाउ लाँग’चं असेल तर ‘विल हॅव बीन’कडे झुकायचं.

मी झुकायचं म्हणते, कारण तिथेही अट आहे. क्रियापद असं हवं की ते काही काळ चालू शकेल. नो, ओन, बिलाँग, बिलीव्ह ही स्थितीची क्रियापदं. यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. ‘बाय देन आय विल हॅव नोन दीज ग्रोअर्स फॉर फोर इयर्स’ असंच लिहावं लागतं, लांबी सांगायची असली तरी. उलट्या बाजूला अराइव्ह, फिनिश यांसारखी एका क्षणात संपणारी क्रियापदं. ‘विल हॅव बीन अरायव्हिंग’ एका माणसाबद्दल म्हणता येत नाही. पाहुणे दुपारपासून एकेक करून येत असतील तर म्हणता येईल, कारण मग येणंच लांबलेलं असतं.

वर्क, लिव्ह, स्टडी, टीच ही मात्र दोन्ही घरी पाणी भरणारी क्रियापदं. माझं वाक्य नेमकं यांच्यात अडकलं होतं. ‘विल हॅव वर्क्ड फॉर फोर इयर्स’ आणि ‘विल हॅव बीन वर्किंग फॉर फोर इयर्स’, व्याकरणाने दोन्ही बरोबर. सर म्हणाले, “इथे नियम संपला. आता तुझ्या मनात काय आहे ते बोल.” माझ्या मनात होतं की हे काम मी एखादी नोकरी करून ठेवावी तसं केलेलं नाही, जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी बागेत असेन, आणि मला जे शिकायचं आहे ते त्या कामातूनच उगवलं आहे. म्हणून ‘विल हॅव बीन वर्किंग’. एखाद्याला अनुभवाची वर्षं अटीत बसवून दाखवायची असतील, एवढी भरली की झालं, तर त्याने ‘विल हॅव वर्क्ड’ घ्यावं. ते जास्त कोरडं, जास्त हिशेबी आहे. हिशेब द्यायचा असेल तिथे तेच शोभतं.

मराठी माणसाला ‘विल हॅव बीन वर्किंग’ परकं का वाटतं, याचं उत्तरही मला त्या दिवसांत मिळालं. गाइडमध्ये त्याच्यासमोर ‘मी काम करत आलेला असेन’ असं लिहिलेलं असतं. असं कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘सप्टेंबरमध्ये मला इथे लागून चार वर्षं होतील.’ वाक्याचा कर्ता बदलतो, मी मागे जाते, वर्षं पुढे येतात, आणि क्रियापद साधा भविष्यकाळ होतं. एवढ्या सोप्या वाक्यातून इंग्रजीतला चार शब्दांचा काळ उगवेल असं मनात येणं कठीणच. म्हणून शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की या काळापुढे ‘करत आलेला असेन’ हे पाठ करून घेऊ नका. ‘लागून इतकी वर्षं होतील’, ‘सुरू करून इतके महिने होतील’ अशी आपली चालती वाक्यं द्या. मूल त्या वाक्यावरून बरोबर तिथे पोहोचतं. माझ्या धाकट्या चुलतभावाला मी हे असंच सांगितलं आणि त्याने लगेच ‘आय विल हॅव बीन प्लेइंग क्रिकेट फॉर फाइव्ह इयर्स’ लिहून दाखवलं.

पूर्ण भविष्यकाळाचं आणखी एक काम आहे, ते शाळेत कोणी सांगत नाही. ‘ही विल हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ.’ तो आत्तापर्यंत पोहोचला असेल. यात भविष्य कुठेच नाही. हा अंदाज आहे, तोही होऊन गेलेल्या गोष्टीचा. आपलं ‘असेल’ अंदाजही करतं आणि पुढचंही सांगतं, त्यामुळे हा वापर आपल्याला न शिकवता समजतो. ‘बाय नाऊ’ आहे की ‘बाय टुमॉरो’ एवढं बघितलं की झालं. माझ्या मसुद्यात असं एक वाक्य होतं: ‘यू विल हॅव सीन फ्रॉम माय ट्रान्सक्रिप्ट’. गुणपत्रकावरून तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्रजी शुद्ध, औपचारिक पत्रात चालणारं. पण सरांनी त्यावर पेन्सिल टेकवली. “हे बरोबर आहे. पण त्यांनी ते कागद अजून उघडलेलेच नसले तर? अनोळखी माणसाने काय बघितलं असेल ते आपण का ठरवावं?” मी तिथे ‘ॲज माय ट्रान्सक्रिप्ट शोज’ केलं. वाक्य आखूड झालं आणि गुणपत्रकच बोलायला लागलं.

‘बीन’ शब्दाने जो गोंधळ होतो तो कर्मणी प्रयोगामुळे. ‘द सॅम्पल्स विल हॅव बीन टेस्टेड’ आणि ‘द लॅब विल हॅव बीन टेस्टिंग द सॅम्पल्स’. क्रियापदाचे पहिले तीन शब्द तेच, शेवटी ‘एड’ की ‘आयएनजी’ एवढाच फरक, आणि अर्थ कुठच्या कुठे जातो. पहिल्यात नमुन्यांची तपासणी झालेली असेल. तो साधा पूर्ण भविष्यकाळच आहे, फक्त कर्मणी. दुसऱ्यात प्रयोगशाळेचं तपासणं चालू असेल. आमच्या कामात या फरकाला पैसे लागतात. अहवाल हातात आल्याशिवाय निर्यातीच्या बागेची काढणी करता येत नाही. ‘विल हॅव बीन टेस्टेड बाय मंडे’ असं कळवलं तर सोमवारी माणसं लावता येतात. ‘विल हॅव बीन टेस्टिंग’ कळवलं तर सोमवारी नुसती वाट बघायची. या दोन्हींची जोड, म्हणजे चालू पूर्ण भविष्यकाळाचा कर्मणी प्रयोग, तक्त्यात दाखवतात; प्रत्यक्षात इंग्रज माणूस ‘बीन बीइंग’ असं सहसा तोंडात येऊ देत नाही. तो पाठ करण्यात कोणी वेळ घालवू नये.

‘बाय द टाइम’ने मात्र मला चांगलंच बसवून ठेवलं. ‘बाय द टाइम आय जॉइन, आय विल हॅव कम्प्लीटेड...’ यात ‘जॉइन’ साधा वर्तमानकाळ का? जॉइन तर पुढे होणार आहे. याचं कारण इंग्रजीच्या स्वभावात आहे. व्हेन, बिफोर, आफ्टर, अंटिल, वन्स, बाय द टाइम यांनी वेळ सांगणारं उपवाक्य सुरू झालं, की त्यात ‘विल’ येत नाही. भविष्याचा सगळा भार मुख्य वाक्य उचलतं. आणि तिथे पूर्ण झालेलं दाखवायचं असेल तर ‘विल हॅव’मधलं ‘विल’ गळून नुसतं ‘हॅव’ उरतं: ‘वन्स आय हॅव कम्प्लीटेड द डिप्लोमा’. म्हणजे पूर्ण भविष्यकाळ तिथे असतोच, वर्तमानाचे कपडे घालून. हे ध्यानात आल्यावर मी इंग्रजी करारपत्रं, सूचनापत्रं वाचताना मुद्दाम असे ‘हॅव’ शोधत बसायचे, आणि ते ओळीओळीला सापडायचे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पदविकेच्या वाक्याला. परीक्षा मेमध्ये होती. ती मी देणार हे नक्की. ते माझ्या हातात होतं. ‘बाय द एंड ऑफ मे आय विल हॅव टेकन माय फायनल एक्झाम्स.’ इथे शंका नाही. पण निकाल? तो सप्टेंबरच्या आत लागेल की नाही हे कोण सांगणार? ‘आय विल हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा बाय ऑगस्ट’ असं लिहिणं म्हणजे सही करून वचन देणं. या काळाची ही बाजू मला फार महत्त्वाची वाटते. ‘विल हॅव’ तारखेला बांधलेलं असतं. ती तारीख उलटली आणि काम झालेलं नसलं, की वाक्य खोटं ठरतं. साध्या ‘आय विल कम्प्लीट’मध्ये थोडी सवड असते, यात नसते.

“मग काय लिहू, सर? ‘आय होप’?”

“होप कशाला? आशा घरच्यांना सांगायची. विद्यापीठाला अंदाज सांग.” आणि त्यांनी लिहून दिलं: ‘आय एक्स्पेक्ट टू हॅव कम्प्लीटेड’. यातही तोच ‘हॅव कम्प्लीटेड’ आहे, मागे बघणं आहे, तारीख आहे. फक्त ‘विल’ची खात्री काढून तिथे ‘एक्स्पेक्ट’ ठेवलं आहे. ‘शुड हॅव कम्प्लीटेड’ही चाललं असतं, पण ‘शुड हॅव’ एकट्याने वाचलं तर करायला हवं होतं आणि केलं नाही असा उलटा अर्थ निघू शकतो. अर्जात तेवढी जोखीम नको.

म्हणजे एकाच परिच्छेदात चार वेगवेगळ्या खात्र्या शेजारी शेजारी बसल्या. काम करत आलेली वर्षं, ‘विल हॅव बीन वर्किंग’. मोजून झालेले हंगाम, ‘विल हॅव कम्प्लीटेड’. दिलेली परीक्षा, ‘विल हॅव टेकन’. न लागलेला निकाल, ‘एक्स्पेक्ट टू हॅव कम्प्लीटेड’. मी तो परिच्छेद मोठ्याने वाचला तेव्हा तो थोडा जड वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. तीन ‘विल हॅव’ एकामागून एक आले की कोणतंही इंग्रजी दमतं. सरांनी परीक्षेचं वाक्य काढायला लावलं, कारण निकालाची अपेक्षा सांगितली की परीक्षा त्यात आलीच. हंगामांचं वाक्य कामाच्या वाक्याला ‘अँड’ने जोडलं आणि दुसरं ‘विल’ गाळलं: ‘आय विल हॅव बीन वर्किंग इन दिस फील्ड फॉर फोर इयर्स अँड हॅव कम्प्लीटेड फोर एक्स्पोर्ट सीझन्स’. एका ‘विल’वर दोन्ही टेकतात. हे करता येतं हे मला माहीत नव्हतं.

बोलण्याची गोष्ट वेगळी. मुलाखतीची तयारी करताना मी ‘आय विल हॅव बीन’ सुटं सुटं म्हणत होते आणि ते पाठ केल्यासारखं ऐकू येत होतं. सरांनी ते ‘आयल हव बिन’ असं एका दमात म्हणायला लावलं. ‘हॅव’वर जोर नाही, जोर ‘वर्किंग’वर आणि ‘फोर’वर. त्यांनी आणखी एक सांगितलं, की बोलताना प्रत्येक ठिकाणी हा काळ आणायची गरज नाही. ‘आय विल बी डन बाय फाइव्ह’ असंच इंग्रज माणूस रोज म्हणतो, ‘विल हॅव फिनिश्ड’ त्यापेक्षा कमी. ज्याने प्रश्न विचारला त्याच्या काळात उत्तर द्यायचं. मुलाखत घेणाऱ्यांनी ‘विल यू हॅव फिनिश्ड बाय देन?’ विचारलं, तर ‘येस, आय विल’ एवढं पुरतं. अख्खा काळ पुन्हा उभा करायचा नाही. व्हिडिओ कॉलवर तसंच झालं. त्यांनी कामाबद्दल ‘हाउ लाँग’ विचारलं, मी ‘ऑल्मोस्ट फोर इयर्स बाय देन’ म्हटलं आणि पुढची सगळी चर्चा नमुना घेताना बागेतले घड कोणत्या वेलींवरून निवडतात यावर गेली.

प्रवेशाचं सशर्त पत्र आलं तेव्हा मी आधी अट वाचली. ‘वन्स वी हॅव रिसीव्ह्ड युअर फायनल ट्रान्सक्रिप्ट.’ ‘वन्स’नंतर ‘विल’ नाही, नुसतं ‘हॅव’. सरांना फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. निकाल जुलैच्या शेवटी लागला, गुणपत्रक मी त्याच आठवड्यात पाठवलं, आणि सरांनी लगेच पुढचं काम सांगितलं: व्हिसाच्या अर्जात निवासाचा काळ विचारतील, तिथे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ लिहायचं, ‘बाय’ नाही.